जुहूचा चिखल आणि आकाशाचे पोवाडे

दरवर्षी १५ ऑक्टोबर उजाडला की समाजमाध्यमांवर तेच छायाचित्र फिरू लागते. एक छोटे एकइंजिनी विमान, त्याच्या शेजारी तरुण जे. आर. डी. टाटा, आणि खाली ठरावीक मजकूर : १९३२ साली याच दिवशी कराचीहून टपाल घेऊन निघालेले पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले आणि भारतीय विमानसेवेचा जन्म झाला. मजकूर खरा आहे. मात्र शेकडो वेळा पुढे पाठवल्या गेलेल्या या मजकुरात एक साधा प्रश्न कधीच आढळत नाही. ते विमान उतरले ते कशावर?

वाळलेल्या चिखलावर.

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. विमानतळ हा शब्द आज ऐकताना जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यातले तिथे काहीही नव्हते. समुद्रालगतची सपाट दलदल उन्हाळ्यात वाळून टणक व्हायची, तेवढ्या काळापुरता तो विमानतळ. पावसाळ्यात मोठी भरती आली की समुद्राची पातळी त्या मैदानाच्या वर जाई आणि ज्यावर विमान उतरायचे ती जमीनच पाण्याखाली जाई. ही हकीकत कोणा टीकाकाराची नव्हे. टाटांच्या टपालसेवेतल्या मंडळींनीच ती पुढे हसत हसत सांगितली आहे. पावसाळा आला की सगळा संसार, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, गुंडाळून पुण्याला न्यायचा. तिथे येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान हाच त्यांचा विमानतळ. येरवडा म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला सप्टेंबर १९३२ आणि पुणे करार आठवतो. त्याच तुरुंगाजवळच्या मैदानावरून काही महिन्यांनी मद्रासची आणि कराचीची पत्रे उडत होती, हे मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

इथे पोवाडा गाणाऱ्यांची पहिली चूक सापडते. टाटांच्या टपालसेवेविषयी सर्वांत अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे तिचा वक्तशीरपणा. पहिल्या वर्षात एकदाही टपाल चुकले नाही. पश्चिम घाटावर पाऊस कोसळत असतानाही कराचीची जोडणी हुकली नाही. सरकारी अहवालानेही या शंभर टक्के वक्तशीरपणाचे कौतुक केले. या यशाचे श्रेय नेहमी कोणाला दिले जाते? वैमानिकांच्या धाडसाला. धाडस होतेच. रेडिओ नाही, दिशा दाखवणारे कोणतेही साधन नाही, आणि खाली सह्याद्री. पण जुहू पाण्याखाली असताना धाडसाचा काय उपयोग होणार होता? ते शंभर टक्के शक्य झाले, कारण कोणीतरी वेळेवर मान्य केले की ही जमीन पावसाळ्यात विमान उतरवण्याच्या लायकीची नाही, आणि मुक्काम हलवला. भारतीय विमानसेवेच्या पहिल्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आकाशात घेतलाच गेला नाही.

अहमदाबादची हकीकतही अशीच. तिथे इंधन बैलगाडीतून, डबे भरून आणले जाई. ही गोष्ट ‘किती मागासलेला काळ होता’ असे म्हणून गमतीने सांगितली जाते. वस्तुतः ती व्यवस्था होती. कोणीतरी गाडी जुंपली, कोणीतरी डबे मोजले, कोणीतरी विमान येण्याआधी मैदानावर हजर राहिले. त्या माणसांची नावे कोणत्याही छायाचित्राखाली नाहीत.

प्रश्न नावांचा असता तर तो सोडूनही देता आला असता. पण इतिहास केवळ आकाशाचा सांगायचा आणि जमीन गाळायची, या सवयीचा परिणाम आजही होतो. ज्या समाजाच्या स्मृतीत विमान म्हणजे वैमानिक एवढेच समीकरण उरते, तो समाज अपघात झाला की वैमानिकाकडे पाहतो आणि विमानतळ झाला की फितीकडे. धावपट्टीकडे पाहायला कोणीच उरत नाही.

लहान विमानांच्या बाबतीत याची किंमत सर्वाधिक असते, आणि इथे एक लोकप्रिय गैरसमज मोडून काढणे भाग आहे. ‘छोटी धावपट्टी आहे, छोटी विमाने उतरतात, एवढ्या देखभालीची काय गरज?’ हे वाक्य कार्यालयांतही ऐकू येते आणि चहाच्या टपरीवरही. ते अगदी उलटे आहे. विमान जेवढे लहान तेवढी त्याला जमीन अधिक चांगली लागते.

सेसना १५२ हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरले गेलेले विमान घ्या. इंधन, माणसे, सामान सगळे धरून त्याचे कमाल वजन साधारण ७५७ किलो. म्हणजे एका लहान मोटारीपेक्षाही कमी. नाकाखालचे चाक जेमतेम स्कूटरच्या चाकाएवढे. पुढे फिरणाऱ्या प्रोपेलरचे टोक आणि जमीन यांच्यात सुमारे फूटभर अंतर. हे चाक खड्ड्यात गेले की नाक खाली झुकते आणि ते फूटभर अंतर संपते. प्रोपेलर जमिनीला लागला की धक्का थेट इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचतो. मग बाहेरून फारसे काही दिसत नसले तरी इंजिन उघडून तपासावे लागते. फिरता प्रोपेलर सुटी खडीही ओढून घेतो. त्यामुळे पात्याच्या कडेवर पडलेली बारीकशी खाच पुढे भेग होऊ शकते आणि ती भेग हवेत असताना वाढू शकते. मोठ्या जेट विमानाला जो खड्डा प्रवाशांच्या लक्षातही येणार नाही असा धक्का देतो, तोच खड्डा या विमानाचा पुढचा पाय मोडतो.

१९३२च्या पस मॉथची अडचण वेगळी होती. त्या काळच्या विमानांचा तिसरा आधार शेपटीखाली असे. जमिनीवर असताना नाक वर, शेपूट खाली. चालवणाऱ्याला पुढची जमीन नीट दिसतच नसे. म्हणून असे वैमानिक जमिनीवरून जाताना नागमोडी चालत, एकदा डावीकडून डोकावत, एकदा उजवीकडून. शिवाय वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने एक चाक मऊ मातीत रुतले की विमान स्वतःभोवती गरकन फिरे. आजच्या तीन चाकी विमानांत हा दोष बराच कमी झाला. जमीन मात्र पुष्कळ ठिकाणी सुधारायची राहिली.

अमेलिया एअरहार्टचे नाव ठाऊक नाही असा इतिहासप्रेमी विरळा. जुलै १९३७ मध्ये ती पॅसिफिकवर नाहीशी झाली आणि त्या रहस्यावर पुस्तकांचा डोंगर उभा राहिला. पण तिचा पृथ्वीप्रदक्षिणेचा पहिला प्रयत्न त्याच वर्षी मार्चमध्ये होनोलुलूच्या धावपट्टीवरच संपला होता. उड्डाणासाठी धावताना विमान असेच फिरले आणि मोडले. दुसऱ्या प्रयत्नात जूनमध्ये ती कराचीहून कलकत्त्याला आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. डमडमचे मैदान पाण्याने मऊ झालेले, विमान इंधनाने जड. चिखल चाके सोडीना, आणि अखेर विमान उचलले ते मैदानाच्या कडेची झाडे जेमतेम चुकवत. ती दोन इंजिनांची चांगली दणकट इलेक्ट्रा होती, हलके विमान नव्हे. तिची ही अवस्था, मग त्याच ऋतूत आपली मॉथ विमाने घेऊन उडणाऱ्या फ्लाइंग क्लबच्या पोरांची काय असेल?

जमीन वरून कशी फसवते, याचा याहून भयंकर दाखला भारताच्या सीमेलगतच आहे. मार्च १९४४. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला सैन्य उतरवण्याची योजना. नाव ‘ऑपरेशन थर्स्डे’, नायक ऑर्ड विंगेट. आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर ओढत नेऊन जंगलातल्या मोकळ्या गवताळ पट्ट्यांवर उतरवायचे, आणि त्यांतून आलेल्या अभियंत्यांनी तिथे डाकोटा विमानांसाठी धावपट्टी तयार करायची, असा बेत. ठिकाणांना दिलेली नावे मोठी झोकदार होती : पिकॅडिली, ब्रॉडवे, चौरंगी.

५ मार्चच्या संध्याकाळी निघण्याच्या अगदी तोंडावर एक ताजे हवाई छायाचित्र आले. पिकॅडिलीवर लाकडाचे ओंडके आडवे पडलेले दिसत होते. जपान्यांना सुगावा लागला काय? पुढे कळले ते असे की ते ओंडके सागवान तोडणाऱ्यांचे होते, वाळत घातलेले. ऐनवेळी सगळे ग्लायडर ब्रॉडवेकडे वळवण्याचे ठरले, कारण छायाचित्रात ब्रॉडवे स्वच्छ दिसत होते.

छायाचित्रात गवत दिसत होते. गवताखाली काय आहे ते दिसत नव्हते. वर्षानुवर्षे हत्तींनी सागाचे ओंडके नदीकडे ओढत नेले होते आणि त्यांचे खोल चर त्या जमिनीत पडले होते; वर उंच गवत माजले होते. जोडीला म्हशींनी लोळून केलेली डबकी. रात्रीच्या अंधारात पहिले ग्लायडर उतरले आणि चरांत त्यांची चाके तुटली. मोडके ग्लायडर बाजूला सारायला वेळ मिळण्याआधीच मागचे येऊन त्यांच्यावर आदळले. त्या रात्रीच्या मोहिमेत सुमारे ३० जण प्राणास मुकले. जपान्यांनी त्या मैदानावर एकही गोळी झाडली नव्हती. ब्रिगेडियर कॅल्व्हर्टने अखेर ‘सोया लिंक’ हा संकेतशब्द पाठवून पुढची विमाने थांबवली. (युद्धकाळात मांसाऐवजी मिळणाऱ्या सोयाच्या सॉसेजला सैनिक इतके विटले होते की अपयशाचा संकेत म्हणून तोच शब्द निवडला होता.)

यानंतरचा भाग पोवाड्यात क्वचितच येतो. अभियंत्यांच्या तुकडीचा प्रमुख त्या रात्री मारला गेला होता. उरलेल्यांना घेऊन लेफ्टनंट ब्रॅकेट नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने लहान बुलडोझर, खोरी आणि हाताशी असलेली माणसे यांच्या बळावर दिवसभरात चर बुजवले. ६ मार्चच्या संध्याकाळी ब्रॉडवेवर डाकोटा उतरू लागल्या. त्या एका रात्रीत साठाच्या आसपास. आठवडाभरात ब्रॉडवे आणि चौरंगी या दोन पट्ट्यांवरून सुमारे ९,००० माणसे आणि १,३०० खेचरे-घोडी जपान्यांच्या पिछाडीला पोहोचली. पुढे अशाच कच्च्या पट्ट्यांवर दोन आसनी छोटी विमाने उतरत आणि जखमींना उचलून नेत. विंगेटवर चरित्रे आहेत, वाद आहेत, भक्त आहेत, निंदक आहेत. ब्रॅकेटचे नाव लष्करी इतिहासाच्या तळटिपांत शोधावे लागते. ज्या जमिनीने पहिल्या रात्री माणसे मारली तिलाच दुसऱ्या रात्री विमाने झेलायला लावणारा माणूस तो होता.

महाराष्ट्रात हत्तींचे चर नाहीत. काळी माती आहे. सोलापूर, लातूर, यवतमाळ या पट्ट्यातली ही कपाशीची माती पाऊस प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की भेगाळते. भेगा एवढ्या की शेतकऱ्याचा हात आत जावा. घर बांधणाऱ्या गवंड्याला हे ठाऊक असते. तो पाया मुरमापर्यंत नेतो. अशा मातीवर टाकलेला डांबराचा थर खालची तयारी कच्ची असेल तर दरवर्षी वर उचलला जातो, खाली बसतो, तडकतो. तड्यात पाणी जाते, पाण्यामागे गवत येते, गवताची मुळे तडा रुंदावतात, कडेची खडी सुटते. एका वर्षात काही दिसत नाही. चार पावसाळे कोणी लक्ष दिले नाही की धावपट्टी धावपट्टी राहत नाही.

गवताचेही एक कूळ असते. गवत आले की किडे येतात, किड्यांमागे पाखरे. बी पडले की उंदीर, उंदरांमागे साप आणि घारी. टिटवी तर घरटेही बांधत नाही. उघड्या खडकाळ जमिनीवर चार अंडी घालते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर ओरडत झेप घेते. धावपट्टीची सुटलेली खडी म्हणजे तिच्यासाठी आयती जागा. गावाकडे टिटवी ओरडली की अपशकुन मानतात. धावपट्टीवर मात्र हा शकुन-अपशकुनाचा प्रश्न नव्हे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या हलक्या विमानाच्या काचेवर एक पाखरू पुरेसे होते.

मग गुरे. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरतला उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७३७ विमानाने धावपट्टीवर आलेल्या म्हशीला धडक दिली. डिसेंबर २०१५ मध्ये जबलपूरला उतरणाऱ्या बॉम्बार्डियर विमानासमोर रानडुकरे आली आणि विमान धावपट्टीवरून घसरले. दोन्ही वेळा प्रवासी वाचले, म्हणून त्या बातम्यांवर विनोद झाले. विनोद करणाऱ्यांनी एक साधे गणित करावे. म्हशीचे वजन चार-पाचशे किलो. पूर्ण भरलेल्या सेसना १५२चे ७५७. सुरतेत त्या दिवशी बोइंगऐवजी एखादा शिकाऊ वैमानिक असता, तर विनोदाला जागा उरली असती का?

अशा वेळी दोष गुराख्याला देण्याची पद्धत आहे. ‘लोकांना शिस्त नाही, धावपट्टीवर गुरे सोडतात.’ इतिहास जाणणाऱ्याने हे वाक्य सहज गिळू नये. लहान धावपट्ट्या ज्या माळांवर बांधल्या गेल्या ते माळ बहुधा गावाच्या चराईचेच होते; सपाट, मोकळी, पीक नसलेली जमीन गावात दुसरी कोणती असते? गुरांच्या वाटा त्या पट्टीहून जुन्या आहेत. कुंपण घालणे हे गाईचे कर्तव्य नव्हे. जी धावपट्टी महिनोन्‌महिने रिकामी पडून असते तिथे सकाळी फिरायला माणसे येतात, मोटार शिकायला पोरे येतात, आणि हे सगळे तिला रस्ता समजू लागतात. मग वर्षातून एकदा एखादे विमान येते तेव्हा तेच उपरे ठरते.

कायदा नाही असेही नाही. ब्रिटिश सरकारने १९३४ साली विमान कायदा केला, १९३७ साली त्याखालची नियमावली आली. तिच्यातला ९१ क्रमांकाचा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास, सोलण्यास आणि पाखरे गोळा होतील असा कचरा टाकण्यास मनाई करतो. ७८ क्रमांकाचा नियम सांगतो की नियमित प्रवासी सेवेसाठी वापरायचा विमानतळ परवानाधारक असला पाहिजे. आंतरराष्ट्रीय पातळीवर शिकागो कराराच्या चौदाव्या परिशिष्टाने १९५१ सालापासून धावपट्टीची रुंदी, उतार, कडा, अडथळे यांची मोजमापे घालून दिली. १९३४चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. कागदावर उणीव फारशी नाही.

गोम आहे ती या रचनेच्या कण्यात. प्रवासी जितके अधिक, विमान जितके मोठे, तेवढी तपासणी कडक. यात तर्क आहे. तिनशे माणसांचा जीव तिघांच्या जिवापेक्षा अधिक डोळ्यांनी राखावा, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा झाला की ज्या विमानांना वाईट जमिनीचा धोका सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी डोळे आले. शिकाऊ विमान, पुढाऱ्याचे भाड्याचे विमान, रुग्ण नेणारे विमान, ही सगळी अशाच पट्ट्यांवर उतरतात. तिथे अनेकदा नियंत्रण मनोरा नसतो, हवामान सांगणारे कोणी नसते, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटलेला असतो.

२००९ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, यवतमाळ, उस्मानाबाद आणि बारामती हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर एका खासगी समूहाच्या हाती सोपवले. त्या वेळी भाषा होती विकासाची, गुंतवणुकीची, जोडणीची. पुढे राज्य सरकारलाच ते परत घेण्याची भाषा करावी लागली. या मधल्या वर्षांतल्या बातम्या चाळल्या तर कोणाची मालकी, किती थकबाकी, कोणता मंत्री काय म्हणाला, हे सगळे सापडते. धावपट्टीच्या पृष्ठभागाची अवस्था त्या त्या वर्षी काय होती, हे शोधू पाहणाऱ्याची मात्र निराशा होते. उद्याचा इतिहासकार याच कागदांवर विसंबणार आहे.

२०१६ साली ‘उडान’ योजना आली. उद्देश चांगला, आणि नांदेडचा प्रवासी त्यामुळे विमानात बसला हेही खरे. परंतु महालेखापालांच्या २०२३च्या अहवालाने दाखवले की तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. विमानतळच वेळेत तयार न होणे हे त्यामागच्या कारणांपैकी एक. मार्ग नकाशावर आखायला रेघ पुरते. जमिनीला पावसाळे मोजावे लागतात.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही, यावर त्या शहरात वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, न्यायालये झाली, घरोघरी दोन पक्ष पडले. अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. त्या क्षणाचे चित्रण लाखो लोकांनी पाहिले. धूळ उडाली, काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. चिमणी पडली की विमान येणार, अशीच सर्वांची समजूत होती. गोव्याचे विमान सुरू झाले ते जून २०२५ मध्ये. अडथळा पाडणे एका दुपारचे काम होते. जमीन आणि तिच्याभोवतीची व्यवस्था विमानयोग्य करणे हे दोन वर्षांचे, आणि त्याचे चित्रण कोणी पाहिले नाही.

जमिनीचा हिशेब आकाशाच्या खात्यावर कसा टाकला जातो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्वाल्हेरचे आहे. ६ मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मध्य प्रदेश सरकारचे छोटे दोन इंजिनी विमान अहमदाबादहून रेमडेसिव्हिर घेऊन येत होते. ग्वाल्हेरला उतरताना ते धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अडथळ्याच्या जाळ्याला धडकले. हे जाळे लढाऊ विमानांना आणीबाणीत रोखण्यासाठी असते. आतले तिघे जखमी झाले, वाचले. विमान निकामी झाले. वैमानिकाचा परवाना निलंबित झाला, आणि २०२२ साली राज्य सरकारने त्याच्या हातात ८५ कोटी रुपयांची मागणी ठेवली. त्याचे म्हणणे होते की जाळे उभे आहे हे कोणी सांगितलेच नाही. ग्वाल्हेर हा हवाई दलाचा मोठा तळ आहे, उपेक्षित धावपट्टी नव्हे. आणि विमान प्रमाणाबाहेर खाली आले असेल तर वैमानिकाचीही जबाबदारी ठरतेच. ती ठरवायलाही हवी. परंतु जाळे उभे का होते, ते कोणी पाहिले, कोणी कळवायचे होते, या प्रश्नांसाठी एका रुपयाचेही देयक निघाल्याची बातमी वाचनात येत नाही. सगळे ८५ कोटी एका माणसाच्या नावावर. आकाशात एकटा तोच होता ना!

यावर नेहमीचे उत्तर पैशाचे असते. आठवड्यातून दोन विमाने येणाऱ्या पट्टीवर कोट्यवधी कोणी खर्च करायचे? प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या खर्चाविषयी आहे. दर काही वर्षांनी नवे डांबर घालणे महाग आहे. रोज सकाळी एका माणसाने पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणे, खडे वेचणे, नवा तडा वहीत टिपणे, टिटवीची अंडी हलवणे, कुंपणातले भगदाड कळवणे आणि पट्टी उतरण्याजोगी नसेल तर ‘आज बंद’ असा निरोप देण्याचा अधिकार त्याला असणे, यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. लढाऊ विमानांच्या तळांवर सैनिक रांगेने धावपट्टीवरून चालत खडे वेचतात. ती शिक्षा नसते, रोजचा परिपाठ असतो. टाटांच्या टपालसेवेकडे तरी काय होते? तीन मेकॅनिक, आणि जुहू बंद आहे असे म्हणण्याची तयारी.

इतिहासप्रेमी तरुणांना आकाशाचे वेड असावे, यात गैर काही नाही. पण या वेडाचा कल पाहावा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले की नाही, यावर दर महिन्याला तावातावाने वाद होतात. समकालीन विश्वसनीय पुरावा पुढे येत नाही, तरी वाद थांबत नाही. त्याच किनाऱ्यावर काही कोस उत्तरेला, पुराव्यानिशी, कागदपत्रांनिशी, खरीखुरी विमाने खऱ्याखुऱ्या चिखलात उतरत होती. त्या चिखलावर एकही वाद होत नाही. जुहूच्या मैदानावर भरती-ओहोटीचा हिशेब कोण ठेवी, येरवड्याचे मैदान कोणी निवडले, बेल्लारीला नेव्हिल व्हिन्सेंटचे विमान उतरण्याआधी तिथली जमीन कोणी पाहून ठेवली, हे संशोधनाचे विषय आहेत आणि रिकामे पडून आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या जुन्या धावपट्ट्यांचे, संस्थानी, युद्धकाळातल्या, महामंडळांच्या, भूसंपादनाचे कागद आजही दप्तरांत पडलेले असणार. ते उघडायला विमान लागत नाही, एसटीचे तिकीट पुरते.

१९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, जे. आर. डी. टाटांनी आपले पहिले टपाल-उड्डाण पुन्हा केले. विमान लेपर्ड मॉथ, मार्ग तोच कराची-अहमदाबाद-मुंबई, उतरायचे ठिकाण तेच जुहू. या वेळी खाली पक्की धावपट्टी होती. तारीखही तीच, १५ ऑक्टोबर, जी आज भारतीय विमानसेवेचा वाढदिवस म्हणून साजरी होते. पंचांगात तिचे स्थान पाहावे. कोकणातला पाऊस तोवर सरलेला असतो आणि चिखल वाळलेला असतो. जुलै १९३२ मध्ये कोणी तोच पराक्रम करू गेला असता, तर कराचीहून आणलेली पत्रे जुहूच्या समुद्रात पडली असती.